शाळेचे ग्रंथालय : कागदावर खुले, प्रत्यक्षात कुलूपबंद

मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्यांना खुली झाली. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे चवदार तळे कायद्याने आपले झालेच होते. तरीही बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर गेले तोपर्यंत त्या पाण्याला आपल्या माणसांचा हात लागला नव्हता. नंतर खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. कागदावर मिळालेला हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो, हा महाडचा धडा दर मार्चमध्ये आपण भाषणांतून सांगतो. तोच धडा आपल्या गावातल्या हायस्कूलच्या ग्रंथालयाला लावून पाहायची वेळ आली आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तके असली पाहिजेत. हा कायदा आठवीपर्यंतचा, म्हणजे हायस्कूलची पहिली पायरी त्यात येते. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना दरवर्षी ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. संगणक कक्षांसाठीही वेगवेगळ्या योजनांतून पैसा आला. आता आपल्या वस्तीतल्या नववीच्या मुलीला विचारा, 'तुझ्या शाळेचे ग्रंथालय कुठे आहे?' बहुतेक वेळा उत्तर मिळते, 'मुख्याध्यापकांच्या खोलीत एक कपाट आहे.' संगणक? 'एक खोली आहे, पण ती बंद असते.'

या कुलपाची कारणे समजून घेतली पाहिजेत, नाहीतर आपण फक्त शिक्षकांवर चिडून मोकळे होऊ. ग्रंथपालाचे पद पटसंख्येवर ठरते. पट कमी असेल तर अर्धवेळ ग्रंथपाल, त्याहून कमी असेल तर तोही नाही, मग एखाद्या शिक्षकाकडे कपाटाची किल्ली. पुस्तक हरवले तर पडताळणीच्या वेळी उत्तर किल्ली ज्याच्याकडे त्याला द्यावे लागते. मुलांनी पुस्तके वाचली का, हे मात्र कुणी विचारत नाही. अशा व्यवस्थेत सर्वांत सुरक्षित पुस्तक कोणते? कुणाच्याही हातात न गेलेले. संगणकाचेही तेच. बिघडला तर जबाबदार कोण, म्हणून त्याच्यावर कापड घालून ठेवायचे. व्यवस्थेने जपणुकीला बक्षीस आणि वापराला शिक्षा ठेवली आहे. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम पुस्तके वापरासाठी असतात असा आहे. तो आपल्या हायस्कूलांपर्यंत पोचलेलाच नाही.

यावर लगेच एक प्रश्न येतो आणि तो आपल्याच शिकलेल्या तरुणांकडून येतो. 'आता गुगल आहे, मोबाइलमध्ये सगळे आहे. ग्रंथालय कशाला?' या प्रश्नाला टाळून चालणार नाही. २०२३ च्या 'असर' पाहणीत २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना स्मार्टफोनबद्दल विचारले होते. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असणारे मुलगे सुमारे ४४ टक्के आणि मुली सुमारे २० टक्के. म्हणजे 'मोबाइलमध्ये सगळे आहे' हे वाक्य भावाच्या बाजूने खरे आहे, बहिणीच्या बाजूने नाही. तिला फोन मिळतो तो स्वयंपाक झाल्यावर, भावाचे रील संपल्यावर आणि पाच टक्के चार्जिंग उरल्यावर. सावित्रीमाईचे नाव घेणाऱ्या समाजाने ही आकडेवारी मनाला लावून घेतली पाहिजे. शाळेचे ग्रंथालय ही अशी एकच जागा आहे जिथे तिला परवानगी न मागता, हिशेब न देता स्क्रीनसमोर आणि पुस्तकासमोर बसता येते.

पण मुद्दा फक्त फोन हातात असण्याचा नाही. फोन हातात असलेल्या मुलाला तरी माहिती मिळते का? त्याला व्हिडिओ मिळतो. एकामागून एक. त्यातला पुढचा व्हिडिओ कुणी निवडला, का निवडला, त्यात पैसे कुणाचे, हे त्याला कुणी शिकवलेले नाही. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आपल्या घराघरांत आले, चांगले झाले. त्याने टायपिंग आले, फाइल सेव्ह करता आली. माउस चालवता येणे आणि माहिती पारखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'माहिती साक्षरता' हा शब्दप्रयोग अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ साली केला. साध्या भाषेत सांगायचे तर त्यात चार गोष्टी येतात. मला काय माहीत नाही हे ओळखणे. ते कुठे मिळेल हे शोधणे. मिळालेले खरे की खोटे हे तपासणे. आणि ते आपल्या कामासाठी वापरणे. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते. परंपरेने आले, ग्रंथात आहे, सांगणारा मोठा आहे, म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून पाहा. कालामसुत्त हा माहिती साक्षरतेचा अडीच हजार वर्षांपूर्वीचा पाठ आहे आणि तो आपल्या वारशात आहे. तो वारसा आपण विहारातल्या प्रवचनापुरता ठेवला, शाळेच्या तासिकेपर्यंत नेला नाही.

या निरक्षरतेची किंमत कोण मोजतो ते पाहू. दहावी पास झालेला आपला मुलगा अकरावीला जातो आणि भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, आधारला जोडलेले बँक खाते. मुलगा कागद घेऊन चौकातल्या सेवा केंद्रात जातो, शंभर-दोनशे रुपये देतो आणि घरी येतो. अर्जासाठी दिलेला मोबाइल नंबर केंद्रवाल्याचा, पासवर्ड केंद्रवाल्याच्या वहीत. महिन्याभराने अर्जात त्रुटी निघते, अर्ज परत पाठवला जातो. सूचना कुणाला जाते? केंद्रवाल्याला. त्याच्याकडे असे चारशे अर्ज असतात. मुदत संपते. मार्चमध्ये मुलगा विचारतो, 'सर, माझी स्कॉलरशिप का नाही आली?' वस्तीपातळीवर काम करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे पाहिले आहे. यात सरकारी यंत्रणेचा दोष आहेच आणि त्याविरुद्ध आपण लढतोच. पण स्वतःचा लॉगिन स्वतःकडे ठेवणे, अर्जाची स्थिती स्वतः पाहणे, त्रुटी काय आहे हे वाचून समजून घेणे, खरे संकेतस्थळ आणि तसेच दिसणारे बनावट संकेतस्थळ यातला फरक ओळखणे, हे नववीतच शिकवले असते तर? जातपडताळणी, स्वाधार योजना, बार्टीचे प्रशिक्षण, परदेशी शिष्यवृत्ती, पुढच्या प्रत्येक पायरीवर हेच कौशल्य लागते. घटनेने दिलेला हक्क आणि मुलाच्या खात्यात जमा झालेला रुपया यांच्यामध्ये आज एक संगणकाची स्क्रीन उभी आहे. ती ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ती वेशीसारखीच आहे.

समाजशास्त्रात बोर्द्यू नावाच्या फ्रेंच विचारवंताने 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना मांडली. ज्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या असतात तिथल्या मुलाला माहिती कुठे शोधायची हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. काका वकील असतो, आत्या प्राध्यापक असते, जेवताना बोलता बोलता कळते की कुठल्या परीक्षेचा अर्ज कधी निघतो. शाळेने शिकवले नाही तरी त्याचे अडत नाही. आपल्या मुलाच्या घरी हे जेवणाच्या ताटावर मिळत नाही. शाळा गप्प राहिली की ती तटस्थ राहत नाही, ती ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्या बाजूने उभी राहते. म्हणून ग्रंथालयातून माहिती शिकवणे हा वाचनसंस्कृतीचा गोड कार्यक्रम समजू नका. तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. आपल्याविरुद्ध खोटी माहिती पसरवली जाते, आरक्षणाविषयी, ॲट्रॉसिटी कायद्याविषयी, बाबासाहेबांविषयी. त्याला उत्तर द्यायला आपण तत्पर असतो. पण दर एप्रिलला आपल्याच ग्रुपवर काय फिरते? बाबासाहेबांच्या पदव्यांचा आकडा प्रत्येक मेसेजमध्ये वेगळा. त्यांच्या नावावर वाटेल ती वाक्ये, खाली ना खंड ना पान. परदेशी विद्यापीठाने काढलेल्या कुठल्यातरी यादीत ते पहिले, पण ती यादी मूळ ठिकाणी उघडून पाहिलेला माणूस सापडत नाही. मित्रांनो, ज्यांची कोलंबियाची एम.ए. १९१५ ची, लंडनची एम.एस्सी. १९२१ ची, डी.एस्सी. १९२३ ची, कोलंबियाची पीएच.डी. १९२७ ची, आणि जे ग्रेज इनचे बॅरिस्टर होते, त्यांना फुगवलेल्या आकड्यांची गरज काय? तळटीप दिल्याशिवाय विधान न करणाऱ्या विद्वानाचे आपण अनुयायी आहोत. एक खोटा मेसेज विरोधकाने उघडा पाडला की त्याबरोबर आपली दहा खरी विधानेही संशयित होतात.

मग ग्रंथालयात नेमके शिकवायचे काय? यासाठी मोठा अभ्यासक्रम लागत नाही. आठवड्याला एक तासिका, एक कपाट उघडे, दोन-तीन चालू संगणक आणि इंटरनेट एवढ्यावर सुरुवात होते.

पहिला पाठ असा. मुलांना व्हॉट्सॲपवर फिरणारे बाबासाहेबांचे एक वाक्य द्या. ते चॅटबॉटला विचारा, 'हे कुठल्या ग्रंथात आहे, खंड आणि पान सांग.' यंत्र अत्यंत आत्मविश्वासाने उत्तर देईल. मग महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस' या मालिकेतला तो खंड कपाटातून काढा, नसेल तर इंटरनेटवर मोफत उपलब्ध असलेली प्रत उघडा आणि ते पान पाहा. कधी वाक्य सापडेल, कधी दुसऱ्याच पानावर सापडेल, कधी सापडणारच नाही. त्या चाळीस मिनिटांत मुलाला कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जे कळेल ते दहा व्याख्यानांनी कळणार नाही. आणि लक्षात घ्या, हा पाठ मोबाइल एकटा शिकवू शकत नाही. यंत्र चुकले हे कळायला हातात मूळ ग्रंथ लागतो. तो ग्रंथालयात असतो.

दुसरा पाठ कायद्याचा. 'बौद्ध झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात का?' हा प्रश्न फळ्यावर लिहा. मुले घरी ऐकलेले सांगतील, इंटरनेटवर चार उलटसुलट उत्तरे मिळतील. मग त्यांना १९५० चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश आणि त्यात बौद्धांचा समावेश करणारी १९९० ची दुरुस्ती शोधायला लावा. ऐकीव माहिती आणि मूळ कागद यातला फरक त्यांना आपल्याच आयुष्यातल्या प्रश्नातून कळेल. उद्या कुठल्या कार्यालयात कारकून उलट बोलला तर तो मुलगा मान खाली घालून परत येणार नाही.

तिसरा पाठ शोधाचा. एकच शब्द, समजा 'आरक्षण', तीन मुलांनी तीन ठिकाणी शोधायचा. एकाने मराठी विश्वकोशात, दुसऱ्याने सर्च इंजिनवर, तिसऱ्याने व्हिडिओच्या संकेतस्थळावर. मग तिघांनी समोर येऊन सांगायचे. लेखक कोण, तारीख कोणती, जाहिरात कुठे आहे, पुरावा काय दिला आहे.

चौथा पाठ मांडणीचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्रंथालयात पुस्तकांवर जे आकडे असतात ते बहुतेक ठिकाणी ड्यूई दशांश वर्गीकरणाचे असतात. त्यात धर्माला २०० चा वर्ग आहे. त्यातला बहुतेक भाग ख्रिस्ती धर्माने व्यापलेला आणि बौद्ध धम्माला भारतीय धर्मांच्या पोटात २९४.३ एवढी जागा. एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन माणसाने जगाकडे जिथून पाहिले तिथून त्याने कप्पे पाडले. मुलांना हे दाखवा आणि विचारा, 'कप्पे कोण पाडतो? वर कोण, खाली कोण, हे कोण ठरवतो?' ज्या समाजाला हजारो वर्षे दुसऱ्यांनी पाडलेल्या कप्प्यात राहावे लागले त्याच्या मुलांना हा प्रश्न चटकन कळतो. मग त्यांना सांगा की सर्च इंजिनमध्ये पहिल्या पानावर काय येते आणि दहाव्या पानावर काय ढकलले जाते, हीसुद्धा कुणीतरी केलेली उतरंड आहे.

हे स्वप्नरंजन नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे उभे केले. खेड्यापाड्यांत पेट्यांतून फिरती ग्रंथालये गेली. याच राजाने १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवले, हा योगायोग समजू नये. ज्ञान सर्वांना मिळावे हे ज्याचे धोरण असते त्याच्याच हातून शिष्यवृत्तीही निघते आणि ग्रंथालयही. आजचे उदाहरण केरळचे. कन्नूर जिल्ह्यात २०१८ साली 'सत्यमेव जयते' नावाने सरकारी शाळांतल्या मुलांना खोट्या बातम्या ओळखायला शिकवले गेले. खासगी इंटरनॅशनल शाळांत नव्हे, सरकारी शाळांत. महाराष्ट्राला ते अशक्य का असावे?

काही कार्यकर्ते म्हणतील, 'अत्याचार होत आहेत, नोकऱ्या संपत आहेत, शाळा बंद पडत आहेत, आणि तुम्ही ग्रंथालय घेऊन बसलात.' हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण अत्याचाराच्या प्रकरणात एफआयआरची प्रत मागणारा, कलम वाचणारा, कागद जपून ठेवणारा तरुण कुठून येणार? शाळा बंद करण्याचा आदेश मिळवून त्यातली पटसंख्या तपासणारा कुठून येणार? चळवळीला माहिती हाताळणारी माणसे लागतात आणि ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी घडतात. शालेय वयातल्या भीमरावांच्या हाती कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले. एका जाणत्या माणसाने योग्य वयात योग्य पुस्तक योग्य हातात दिले, एवढेच ते काम. चांगल्या ग्रंथपालाचे कामही हेच असते. आपण मात्र ते योगायोगावर सोडले आहे.

तेव्हा कार्यक्रम काय?

एक. प्रत्येक शाखेने आपल्या परिसरातल्या एका शासकीय किंवा अनुदानित हायस्कूलचा माहिती अधिकारात अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. गेल्या तीन वर्षांत ग्रंथालयाला किती निधी आला, किती पुस्तके घेतली, त्यांची यादी, किती पुस्तके मुलांना घरी दिली, ग्रंथपालाचे पद मंजूर आहे का, भरले आहे का, संगणक किती आणि चालू किती. माहिती साक्षरतेची सुरुवात आपल्यापासून होऊ द्या.

दोन. उत्तर हातात घेऊन पालकांसह शाळेत जा. शाळा व्यवस्थापन समितीत आणि शिक्षक-पालक संघात आपली माणसे, विशेषतः आया, बसल्या पाहिजेत. मागणी साधी ठेवा. आठवड्याला एक ग्रंथालय तासिका वेळापत्रकात लावा. कपाट उघडे ठेवा. संगणक ग्रंथालयातच ठेवा, म्हणजे पुस्तक आणि स्क्रीन शेजारी येतील. मुलींसाठी वेळ राखून ठेवा.

तीन. शासनाकडे मागणी करा की ग्रंथपालाचे पद पटाच्या आकड्याला टांगू नये, लहान शाळांसाठी निदान दोन-तीन शाळांमिळून एक पूर्णवेळ ग्रंथपाल द्यावा, वापरात फाटलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकांचे ओझे त्याच्या डोक्यावर टाकू नये. ग्रंथपाल हा कपाट सांभाळणारा कारकून नसून शिक्षक आहे, हे शासन निर्णयात लिहून घ्या.

चार. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर आपल्या माणसांची जी गर्दी होते तशी गर्दी दुसऱ्या कुठल्या मेळाव्यात दिसत नाही. एक वेळ उपाशी राहून पुस्तक घेणारी आपली माणसे आहेत. जयंती मंडळांनी वर्गणीतला दहावा हिस्सा बाजूला काढून शाळेला पुस्तके द्यावीत आणि आपल्या शिकलेल्या मुलांनी महिन्यातून दोन शनिवार तिथे जाऊन वरचे पाठ घ्यावेत. मात्र एक भान ठेवा. आपण पुस्तके दिली म्हणून सरकार सुटत नाही. दान देऊन गप्प बसलो तर हक्काचे दान होईल. पुस्तके देताना त्यांच्याबरोबर मागणीपत्रही द्या.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. त्या घराचा फोटो आपल्या भिंतीवर आहे आणि मुलीच्या शाळेतले कपाट बंद आहे, ही विसंगती आता सहन करायची नाही. शिक्षणाचा हक्क मिळाला, शाळेत प्रवेश मिळाला. आता शाळेच्या आत जे बंद आहे ते उघडून घ्यायचे आहे. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात ठरते. त्याआधी माहिती अधिकाराचा अर्ज गेलेला असला पाहिजे.

जय भीम!